पालेगावातल्या सुपाऱ्या

ऑर्केस्ट्रावाल्यांच्या भाषेत कार्यक्रम ठरला की 'सुपारी घेतली' म्हणतात. आमची पहिली सुपारी ठरली तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमधून फोनवर जोरात म्हणालो, "शनिवारची सुपारी आहे, पालेगावातच. पार्टी ओळखीची आहे, पैसे आधी घेतलेत." शेजारी बसलेला नवा कंत्राटी कामगार अर्धा चहा टाकून उठला. पुढचे दोन महिने तो मला फार अदबीने वागवायचा.

मी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे आणि कीबोर्ड वाजवतो. ढोलकीवाला रिक्षा चालवतो. ऑक्टोपॅडवर दहावीच्या क्लासचा मास्तर. गाणारे दोघं. एक दादा, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. दुसऱ्या वहिनी, ज्या आमच्यापैकी कोणाच्याच वहिनी नाहीत, पण पहिल्या दिवशी मास्तर तसं म्हणाला आणि तेच नाव पडलं. आमच्या ग्रुपचं नाव सांगत नाही, कारण बॅनरवर ते दरवेळी वेगळंच छापून येतं. स्वतःचं एकही गाणं नाही. सगळी दुसऱ्यांची, लोकांना आधीच पाठ असलेली. आठ वर्षं हे चाललंय. त्यात जे कळलं ते खाली लिहितोय. क्रमाला फार अर्थ नाही.

१. लोक तुम्हाला ऐकायला आलेले नसतात.

पहिली सुपारी हळदीची होती. पालेगाव म्हणजे अंबरनाथ पूर्वेला जुनं गावठाण आणि त्याला वेढून उभे राहिलेले टॉवर. आम्ही सगळे टॉवरवाले, हळद गावठाणातली, आगरी घरातली. आम्ही तीन महिने तालीम करून वीस गाण्यांची यादी केली होती. तिच्यात चार गझला होत्या. हळदीला गझला! दुसरी गझल चालू असताना सात-आठ वर्षांचा एक पोरगा स्टेजला टेकून उभा राहिला आणि त्याने दादांना विचारलं, "काका, तुमचं झालं की डीजे येणार ना?"

दादा दुखावले. दादांच्या तरुणपणी लोक ऑर्केस्ट्राची तिकिटं काढून जात. पुण्याच्या सुहासचंद्र कुलकर्णींच्या 'मेलडी मेकर्स'ची आठवण ते अजूनही काढतात. तिथे माणसं खुर्चीत बसून, समोर बघत ऐकायची. इथे माणसं नवऱ्यामुलाला हळद लावायला, जेवायला, भांडण मिटवायला आणि नाचायला आलेली असतात. आपण मांडवाचा एक भाग, खुर्च्या आणि झालरीसारखे. हे पटायला मला एक रात्र लागली, दादांना दोन वर्षं.

पटल्यावर काम सोपं झालं. गाणं निवडताना 'आपल्याला काय छान जमतं' हे विचारायचं बंद केलं. या घरात आत्ता काय चाललंय, हे आधी बघायला लागलो.

२. नागीण वाजवायलाच लागते.

कितीही नाही म्हणा, साडेनऊच्या सुमारास कोणीतरी तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळणारच. पूर्वी मला याची लाज वाटायची. मग कुठेतरी वाचलं की १९५४ च्या 'नागिन'मधली ती प्रसिद्ध पुंगी मुळात पुंगी नाहीच. संगीत हेमंतकुमारांचं, आणि तो आवाज काढला कल्याणजींनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर. म्हणजे कीबोर्डवर नागीण वाजवणारा मी नक्कल करत नाही, मूळ परंपरेतच आहे! तेव्हापासून ती मन लावून वाजवतो. लोळणाऱ्याकडे बघून लय वाढवायची, आणि तो दमायच्या आधी थांबायचं नाही. तो त्याचा अपमान असतो.

३. कीबोर्डच्या पिशवीत मल्टिमीटर ठेवा.

बाकीचं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. मांडवाची वीज कुठून येते ते कोणालाच माहीत नसतं. एखाद्या घरातून, कधी जनरेटरवरून, कधी थ्री फेज ओढून. दिवे, कुलर, साउंड असं वेगवेगळ्या फेजवर वाटलेलं असतं आणि सगळ्यांचा न्यूट्रल एकच. तो न्यूट्रल कुठे सैल झाला, की एका फेजवरचं व्होल्टेज खाली बसतं आणि दुसऱ्यावरचं २३० वरून साडेतीनशे-चारशेकडे चढतं. दिवे आधी भगभगीत होतात. लोकांना वाटतं, वा, काय लाइटिंग! पुढच्या मिनिटाला अडॅप्टरमधून वास येतो.

एका गणपतीत मास्तरच्या ऑक्टोपॅडचा अडॅप्टर असा गेला. मी इलेक्ट्रिशियन, रोज कंपनीत दुसऱ्यांना हेच शिकवतो, आणि त्या दिवशी नवीन शर्ट घातला होता म्हणून बोर्डापाशी वाकलो नाही. उरलेला कार्यक्रम मास्तरने प्लास्टिकच्या खुर्चीवर हाताने वाजवला. खरं सांगायचं तर वाईट वाजत नव्हतं.

आता पोहोचल्यावर पहिलं काम मीटर लावणं. फेज-न्यूट्रल बघायचं, मग न्यूट्रल-अर्थ बघायचं. अर्थिंग नसेल आणि मिक्सर एका बोर्डावर, कीबोर्ड दुसऱ्यावर असेल, तर गाणाऱ्याच्या ओठाला माइकची जाळी लागताच झिणझिण्या येतात. वहिनींना एकदा आल्या. त्यांनी मुखडा सोडला नाही, पण मध्यंतरात मला जे ऐकवलं त्याला चाल नव्हती. सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्यायचे. बोर्ड पाण्यापासून लांब ठेवायचा. हळदीत पाणी कुठून उडेल याचा नेम नसतो.

४. मूळ पट्टी म्हणजे देवाचा शब्द नव्हे.

रेकॉर्डमधल्या गाण्याची पट्टी तशीच धरायची, असा आमचा सुरुवातीचा हट्ट होता. वहिनी शाळेत शिकवतात. पाच तास वर्गात ओरडून आलेला गळा संध्याकाळी लताबाईंच्या तार सप्तकात चढणार कसा? पहिली दोन गाणी चढायचा, तिसऱ्याला चिरायचा. आम्ही तीन पट्ट्या खाली आलो. ठसकेबाज गाण्याची थोडी धार गेली, हे कबूल. पण कडव्याच्या टोकाला बायका श्वास रोखून धरायच्या, ते थांबलं.

द्वंद्वगीत मात्र कधीच दोघांना पुरत नाही. वहिनींना सोयीची पट्टी धरली की दादा खाली कुजबुजतात आणि दादांची धरली की वहिनी आकाशात. आम्ही तोडगा काढला. वहिनींच्या सोयीने गायचं आणि दादांनी खालच्या जागांना हात वर करून लोकांकडे माइक फिरवायचा. लोकांना वाटतं आपल्याला मान दिला.

आणि ट्रान्सपोजचं बटण. गाणं संपलं की ते शून्यावर आणा. एका हळदीत मी ते विसरलो. दादांनी मुखडा उचलला तो त्यांच्या काळी एकमध्ये, मी कॉर्ड दिली ती भलत्याच घरात. दादा थांबले नाहीत, मीही नाही. दोघंही बरोबर होतो. चार ओळींनंतर ढोलकीवाला म्हणाला, "कोणीतरी एकाने माघार घ्या राव."

५. साउंडवाल्याला चहा आधी द्या.

स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, हे त्याला शिकवायला जाऊ नका. त्याला माहीत असतं. जागा नसते म्हणून तो मागे ठेवतो, मग स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो, फिरत राहतो आणि शिट्टी वाजते. त्याच्याबरोबर खुर्च्या हलवा. पाच मिनिटांचं काम आहे.

६. पाच किलोमीटरवर यादी बदलते.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. रेल्वेच्या नकाशावर सगळं एकमेकांना चिकटलेलं. गाण्यांच्या नकाशावर नाही.

गावठाणात कोळीगीतं लागतात, आणि ती वेगात. टॉवरच्या सोसायटीत गणपतीला प्रत्येक मजल्याची फर्माईश वेगळी असते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना रफी, सातव्यावरच्या मुलांना 'सैराट'. २०१६ चा सिनेमा, पण अजून सुटका नाही. त्यातला वाद्यमेळ अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन ध्वनिमुद्रित केला होता. इथे तो सगळा वाद्यमेळ म्हणजे माझा उजवा हात. डाव्या हाताला बेस सांभाळायचा असतो.

उल्हासनगर ८ ऑगस्ट १९४९ ला वसलं, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी, कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर. म्हणून तिथले पत्ते आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच. तिथल्या एका लग्नात आमच्या हिंदी गाण्यांवर लोक नीट टाळ्या वाजवत होते, पाहुण्याला देतात तशा. मग घरातल्या दोन बायका पुढे आल्या आणि माइक मागून घेऊन लाडा म्हणायला लागल्या. लाडा म्हणजे सिंधी लग्नातली बायकांची गाणी. ढोलकीवाल्याने एका आवर्तनात ठेका पकडला. मला काहीच येत नव्हतं, मी नुसता षड्ज धरून बसलो. त्या रात्रीची सगळी बक्षिसी ढोलकीवर पडली. घरी येताना तो रिक्षात गप्प होता, आनंदाने.

१४ एप्रिलला भीमगीतं असतात. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. समोर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला वामनदादा कर्डकांचा शब्दन् शब्द पाठ असतो. सुराची चूक ते पोटात घालतील, शब्दाची नाही. दादांनी एका ठिकाणी एक ओळ मागेपुढे केली, तर पहिल्या रांगेतल्या आजोबांनी हात वर करून गाणं थांबवलं, ओळ सांगितली, आणि म्हणाले, "हां, आता म्हणा." आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कागद बघून गाणं अपमानाचं वाटत असेल तर तो अहंकार घरी ठेवून या. आता आम्ही मोठ्या अक्षरात लिहून नेतो.

महाशिवरात्रीला सुपारी घेऊ नका. अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा असते. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं ते देऊळ बघायला जेवढे लोक येतात, तेवढ्यांतून कीबोर्ड घेऊन पलीकडे जाता येत नाही. आणि त्या देवळापाशी शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल होतो तेव्हाही घेऊ नका. तिथे मोठे कलाकार येतात. आपणही खाली बसून ऐकावं.

७. बेंजोशी स्पर्धा करू नका.

एकदा एकाच गल्लीत आमचा स्टेज आणि समोरून वरातीबरोबर बेंजो पार्टी. आम्ही पाच, ते पंधरा. आमचं गाणं त्यांच्या दुसऱ्या ठोक्याला वाहून गेलं.

बेंजो हे वाद्य मला आधी गावठी वाटायचं. नंतर कळलं की त्याचं मूळ जपानी आहे. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून ताइशोगोतो बनवलं. ते फिरत फिरत हिंदुस्थानात बुलबुलतरंग झालं आणि ठाणे-मुंबई-कोकणात पिकअप लावून, स्पीकरला जोडून बेंजो झालं. आमच्या मास्तरचं ऑक्टोपॅडही जपानचंच, रोलंड कंपनीचं. त्यांचं पहिलं १९८५ चं. म्हणजे पालेगावच्या गल्लीत दोन जपानी वाद्यं आगरी गाण्यावरून भांडत होती. आम्ही थांबलो, त्यांच्या गाण्यात आपला ठेका मिसळला. ते गल्लीतून निघून गेले तेव्हा आमच्यासमोरची अर्धी माणसं त्यांच्यामागे गेली होती. त्यातले काही परत आले. जेवण आमच्या बाजूला होतं.

८. कंपनीच्या कार्यक्रमात साहेबांची नक्कल करायची की नाही, हे आपापलं ठरवा.

जॉनी लिव्हर हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामगार होते. कंपनीच्या कार्यक्रमात त्यांनी साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्यांना ते नाव दिलं. मास्तरने ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली, की आमच्या वार्षिक कार्यक्रमात मी माइक घेतला आणि एका वरिष्ठांच्या चालण्याची नक्कल केली. सगळे हसले. तेही हसले. मला त्यानंतर सलग सहा आठवडे रात्रपाळी लागली. योगायोग असेल.

९. पैसे.

अर्धे आधी घ्या. ओळखीच्याकडून तर नक्कीच, कारण अनोळखी माणूस पैसे देतो, ओळखीचा जेवण वाढतो. पहिल्या सुपारीचे पंधराशे मिळाले, पाच जणांत. नवीन केबलला सोळाशे गेले होते. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायला परवाना लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. पण ३१ डिसेंबरला एखाद्या हॉलने तिकीट लावून बोलावलं तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्क संस्थेचा, परवाना कोण काढणार, हे आधी विचारा. आम्ही विचारलं तेव्हा पलीकडून फोन ठेवला गेला, आणि आम्ही ती रात्र मास्तरच्या गच्चीवर फुकट वाजवून घालवली.

१०. गणपतीत ढोलकीला कोरडा कपडा.

पावसात कातडं सैल पडतं आणि ढोलकी ढब ढब बोलते. हॅलोजनसमोर धरून तापवावी लागते, पण फार जवळ नाही. शाई तडकते. आमचा ढोलकीवाला ती रिक्षाच्या मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून आणतो आणि त्या वेळी भाडं घेत नाही.

११. दहाचा हिशोब सातला करा.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते सणांना जातात. तुमच्या चुलतभावाच्या हळदीला नाही. आणि हळद 'साडेसातला' म्हणजे नऊला. पाहुणे डोंबिवलीहून येणार, एखादी लोकल लेट असणार, मामा रुसणार. म्हणजे हातात पन्नास मिनिटं. आम्ही दोन तासांची यादी करणं सोडलं. सगळ्यात नाचरं गाणं शेवटी राखून ठेवायचं ही सिनेमातली पद्धत. इथे ते नऊ पस्तीसलाच काढा, नाहीतर ते तुमच्याबरोबर रिक्षातून घरी येतं.

दहाला साउंडवाल्याने मिक्सर बंद केला की मांडवात एक विचित्र शांतता पसरते. आधी आम्ही तेवढ्यात केबल गुंडाळायला घ्यायचो. एका रात्री वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा."

आतल्या अंगाला बायका बसल्या होत्या आणि मधे धवलारीण. आगरी लग्नात विधींबरोबर धवले म्हणणारी ही बाई, लग्नाच्या घरात तिचा मान भटजीहून कमी नसतो. ही सत्तरीच्या पुढची होती. माइक नाही, ठेका नाही. तिने एक ओळ म्हणायची, बायकांनी ती उचलायची. मघाशी आमच्यासमोर नाचून घामाघूम झालेली पोरं उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती, फोन खिशात घालून.

मला हात आवरेनात. कीबोर्डला स्वतःचे छोटे स्पीकर आहेत, आवाज अगदी बारीक केला आणि तिचा षड्ज शोधायला लागलो. काळी दोन धरली तर ती वर वाटायची, पांढरी तीन धरली तर खाली. ती दोन पट्ट्यांच्या मधे गात होती. मग मेनूत जाऊन मूळ ट्यूनिंग ४४० हर्ट्झवरून खाली खाली आणलं. ४२९ ला पांढरी तीन तिच्या सुराला टेकली. मी खूश होऊन सूर धरला. तोवर ती पुढच्या कडव्यात थोडी वर सरकली होती.

तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "पेटी ठेव रं बाजूला, पोरा. जेवलास का?"

मी पेटी ठेवली आणि जेवायला बसलो.

पुढच्या शनिवारी बदलापूरला सत्यनारायणाच्या पूजेचा कार्यक्रम होता. मीटर लावला, अर्थिंग बघितलं, ट्रान्सपोज शून्यावर आणलं. पहिल्या गाण्याला मास्तरने फोनवरून बासरीचा एक ट्रॅक लावला होता. वहिनी दोन ओळी गाऊन थांबल्या, माझ्याकडे वळल्या, म्हणाल्या, "काहीतरी खाली आहे. बासरी खाली आहे की तुम्ही?"

कीबोर्ड अजून ४२९ वरच होता.